आमची वाटचाल: सत्तरी तालुक्यातल्या मधमाशांच्या पेट्या, काटा आणि वही

2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या दारात खनिज वाहायचा टिप्पर उभा होता आणि बँकेचे हप्ते चालू होते. सत्तरी-डिचोलीत अशी घरं कितीतरी, तेव्हा ते रडगाणं इथे गात नाही. टिप्पर मिळेल त्या भावात विकला, पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेत जाऊन ट्रेनिंग घेतलं आणि कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, दगडी गडग्यात सातेरी ही आपली गावठी मधमाशी बसली होती ती पेटीत भरली. आमचे आजोबा रोयणीतला, म्हणजे वारुळातला मध काढायचे, पण ते पोळं पिळून, माशी राहायची नाही. पेटीत भरायची म्हणजे पिलाव्याची (अंडी-पिल्लांची) पोळी कापून केळीच्या सोपटाने चौकटीला बांधायची, राणी सापडेपर्यंत घामाघूम व्हायचं आणि वर थोडे दिवस राणीला बाहेर जाऊ न देणारं क्वीन गेट लावून ठेवायचं, नाहीतर एका सकाळी पेटी रिकामी. सातेरी पाळणाऱ्यांना हे सांगायला नको.

भागीदार सुरुवातीपासून होता. नाव लिहीत नाही, वाळपईत सगळ्यांना माहीत आहे. पिकअप त्याची, हॉटेलवाल्यांच्या ओळखी त्याच्या, गोड बोलणं तर विचारू नका. माझ्याकडे पेट्या आणि काटा.

काट्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण लोकांना चौकटी फिरवून मध काढायचं मधयंत्र बघायचं असतं, काट्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. किराणा दुकानात असतो तसला 30 किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, वर प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर पेटी. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर हुमले, म्हणजे मुंग्या, वरपर्यंत चढतात. संध्याकाळी सगळ्या माशा आत आल्या की एक वजन, सकाळी त्या बाहेर पडायच्या आधी दुसरं. शाळेच्या वहीत तारीख, दोन आकडे, कडेला काय फुललंय ते. बस.

तेवढ्यावर सगळा हंगाम कळतो. पावसाळ्यानंतर रानातला किंदळ वृक्ष फुलला की आकडा हलायला लागतो, पण तो मध काढायचा नाही, त्यावर वसाहत वाढते. आंब्याच्या मोहरावर लोक फार आशा ठेवतात, आमच्या वहीत मोहराचे आकडे दरवर्षी किरकोळच. खरी पेटी भरते ती काजू जोरात आला आणि रबराला नवी पालवी फुटली की. रबराचा रस फुलातला नसतो, पानाच्या देठावरच्या ग्रंथींतून येतो. खाणींच्या डंपांवर लावलेल्या अकेशियाचंही तसंच, म्हणजे ज्या खाणीपायी आमचा टिप्पर गेला तिच्याच ढिगाऱ्यावर आमच्या माशा चरतात. मग मार्च-एप्रिलात जांभूळ, त्याचा मध काळपट, किंचित कडसर. मे सरता सरता आकडा खाली यायला लागतो आणि जूनपासून चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, आपणच साखरेचं पाणी घालायचं, एकास एक.

आता मुद्द्यावर येतो. फुलोरा चालू असताना वजन संध्याकाळी जास्त आणि सकाळी कमी असतं, कारण रात्रभर माशा पंखांनी वारा घालून मकरंदातलं पाणी उडवतात. चांगला दिवस असेल तर रात्रीत शंभर-दीडशे ग्रॅम उतरतं, पेटीजवळ उभं राहिलं तर घूं घूं आवाज आणि गोडसर वास येतो. रात्रीत वजन वाढत नाही. माशी रात्री कामाला जात नाही हो! 2017 च्या फेब्रुवारीत एका सकाळी काटा दोनशे ग्रॅम वर. मिठाची एक किलोची पिशवी ठेवून काटा तपासला, बरोबर एक किलो. दुसऱ्या सकाळी परत वर. झाकण उघडलं तर आत आमचीच पावसाळ्यातली साखरेच्या पाण्याची वाटी, तळाला चिकट पाणी आणि माशा बुडू नयेत म्हणून टाकलेल्या काड्या. बाकीच्या पेट्या उघडल्या, सगळीकडे वाट्या. ऐन काजूच्या फुलोऱ्यात!

भागीदाराला विचारलं तर म्हणाला, "अरे हॉटेलवाल्याला माल पाहिजे. माशीने खाल्लं, माशीने भरलं, म्हणजे मधच ना?"

हे वाक्य मला अजून पाठ आहे. त्या हंगामातल्या मधकोठ्यांतला सगळा मध मी विकला नाही, माशांना पावसाळ्यात परत दिला, आणि भागीदारी मोडली. वाटणीत पिकअप त्याची, गिऱ्हाइकांची यादी त्याची, आणि स्टीलचं चार चौकटींचं मधयंत्र, जे दोघांच्या पैशांतून आलं होतं, तेही त्याच्या पिकअपमधून गेलं. मला काटा, वही, धुरांडं. दोन महिन्यांत त्याने किनाऱ्याकडच्या रस्त्यावर दुकान टाकलं, 'जंगली मध' असा बोर्ड, आमच्या निम्म्या भावात, बारा महिने एकाच रंगाचा. स्टिकरवर माशी छापलीय ती इटालियन, आपली सातेरी नव्हे. हॉटेलचा मॅनेजर मला विचारतो, तुमचा मध दर वेळी वेगळा का दिसतो? फेब्रुवारीचा आणि मेचा मध एकसारखा दिसायला लागला तर घाबरायचं, हे त्याला कोण सांगणार.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण जायच्या आधी त्याने घाटावरून स्वस्तात वसाहती आणून न तपासता आमच्या पेट्यांशेजारी ठेवल्या होत्या. एप्रिलात पोळी उचलली तर मेणाने सील व्हायच्या वयाची पिल्लं घरात डोकं वर करून मेलेली, चिमट्याने ओढलं की पाण्याने भरलेली पिशवी बाहेर. थाई सॅकब्रूड. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला याच रोगाने दक्षिणेतल्या सातेरीचा फडशा पाडला होता. विषाणू आहे, औषध नाही. राणी पिंजऱ्यात कोंडून अंडी घालणं थांबवायचं, पिलाव्याची पोळी जाळायची आणि वाट बघायची. आम्ही दोघं नवरा-बायको रोज संध्याकाळी मागच्या अंगणात पोळी जाळत होतो. त्यात पाऊस लवकर धरला, कमजोर वसाहतींत मेणकिडा शिरला, काही माश्या पेटी सोडून उडून गेल्या. चवथीला गणपतीवरची माटोळी बांधून झाल्यावर पेट्या बघितल्या तर बहुतेकांत फक्त जाळी आणि भुसा. घरचे म्हणाले, पुरे आता, दुकानात नोकरी बघ.

तेव्हा साखळी गावच्या वैद्यकाकी आल्या. सुरुवातीपासूनचं गिऱ्हाईक, वयाची सत्तरी ओलांडलेल्या, औषधाच्या अनुपानाला मध लागतो आणि तो जांभळाचाच पाहिजे. दरवर्षी स्वतःचा स्टीलचा डबा घेऊन बसने येतात, प्लास्टिकच्या बाटलीला हात लावत नाहीत. मी सांगितलं, काकी, पुढच्या वर्षी मध होईल असं वाटत नाही. त्यांनी पदराची गाठ सोडली, पुढच्या हंगामाचे पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "माशा राहिल्या तर मध दे, नाही राहिल्या तर डबा परत दे. पैशांचं नंतर बघू." त्या पैशांत चौकटीत बसवायचे मेणपत्रे आले आणि एक जुनं पत्र्याचं मधयंत्र आलं, हँडल फिरवताना कुरकुरतं, पण चालतं. पुढच्या मे महिन्यात सगळ्यात पहिला डबा काकींचा भरला.

नंतरची वर्षं नीट गेली, पेट्या वाढल्या, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. फक्त डिसेंबर 2020 मधे दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) या संस्थेने 13 ब्रँडचे मध तपासले आणि भेसळ पकडणाऱ्या एनएमआर चाचणीत त्यातले 10 नापास झाले, तेव्हा आमचा फोन अचानक वाजायला लागला. त्याच हॉटेलचा पण आला. मी नम्रपणे सांगितलं, माल शिल्लक नाही. शिल्लक होता.

या निमित्ताने चार गोष्टी सांगून टाकतो, कोणी विचारल्या नसल्या तरी. पाण्यात थेंब टाकून मध तपासू नका, घट्ट पाकही तसाच तळाला बसतो. मध थिजला म्हणजे साखर घातलेली असते हा समज डोक्यातून काढा, रबराचा मध लवकर थिजतो, बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, आजी कितीही म्हणाल्या तरी. आणि परसात पेटी ठेवणार असाल तर व्हिडिओत एका पेटीतून 30-40 किलो सांगतात ते मेलिफेराचे, म्हणजे इटालियन माशीचे, गाडीत घालून फुलोऱ्यामागे राज्याराज्यांतून फिरवलेल्या पेट्यांचे आकडे. आपल्याकडे सातेरीने वर्षाला पाच-सहा किलो दिले तर हात जोडा. माशांनी पोळं मेणाने सील केल्याशिवाय मध काढू नका. सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची, एफएसएसएआयची, मधातल्या पाण्याची मर्यादा 20 टक्के आहे आणि आपल्या दमट हवेत सील झालेला मधसुद्धा कधीकधी त्याच्या वर जातो, कच्चा काढला तर तो आंबून महिन्यात बाटलीचं झाकण उडतं. हे पाणी मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर घ्या, मधयंत्र शेजाऱ्याचं मागून चालतं. शेजारी काजूवर ढेकण्या किडीसाठी फवारणी करत असेल तर त्याच्याशी भांडू नका, संध्याकाळी मार म्हणून सांगा आणि एक बाटली द्या. भागीदारी करणार असाल तर मधयंत्र कोणाचं ते कागदावर लिहून घ्या.

यंदा रबराची पालवी उशिरा आली, काटा फेब्रुवारी अर्धा होईपर्यंत जागचा हलला नाही, आता रोज चढतोय. काजू-रबराचा मध मार्चच्या शेवटी मिळेल, भाव गेल्या वर्षीचाच. जांभळाचा थोडाच होईल असं दिसतंय, ज्यांना पाहिजे त्यांनी आताच सांगून ठेवा, काकींचा डबा भरला की उरेल तो तुमचा. बाटल्या धुऊन, पूर्ण वाळवून आणा, गेल्या वर्षी एकाने लोणच्याची आणली होती.