कातर रे भाजी

गेल्या डिसेंबरात आमच्या गावच्या वाचनालयाचा वर्धापनदिन होता आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये आभारप्रदर्शन माझ्या गळ्यात पडलं. तसं बघायला गेलं तर आभारप्रदर्शन म्हणजे काय, तीन मिनिटांचं काम, तोवर लोक खुर्च्या सरकवायला लागलेले असतात आणि निम्मे चहाच्या दिशेनं निघालेले असतात. पण मी घरी आले, पर्स ठेवली, ओट्यापाशी उभी राहून पाणी प्यायले आणि डोक्यात पहिला विचार काय आला, तर आता कळेल गोळ्यांशिवाय आपण किती पाण्यात आहोत ते.

थोडं मागचं सांगायला हवं. मी पतसंस्थेत काम करते, हिशोब हा माझा प्रांत, माणसांपेक्षा आकडे बरे वाटतात मला. 2021 मध्ये वार्षिक सभेत अहवाल वाचायचा होता. दुसऱ्या पानावर थकबाकीचा आकडा आला आणि घसा बंद, म्हणजे अक्षरशः बंद, छातीत धडधड, हातातला कागद फडफडतोय आणि मला समोरचा आकडा दिसतोय पण तो लाखात वाचायचा की कोटीत हे कळेना. "एक मिनिट हं" म्हणून बाहेर गेले ती पुन्हा आत गेलेच नाही. त्यानंतर आठ महिने मी काय काय टाळलं त्याची यादी केली तर मलाच हसू येईल आता. मुलाच्या शाळेतल्या पालकसभा, हळदीकुंकवाला उखाणा घ्यायचा प्रसंग, शेवटी शेवटी तर बँकेत फोन लावायलासुद्धा शेजारच्या टेबलवरच्या मुलीला सांगायचे.

मग डॉक्टर. आमच्याकडे गोव्यात कुणाला "बांबोळीला नेलं" म्हटलं की लोक लगेच विचारतात, मेडिकल कॉलेजात की त्या दुसऱ्या ठिकाणी? आणि "त्या दुसऱ्या" वर, म्हणजे मनोरुग्णालयावर, असा काही आवाज खाली आणतात की माणूस बरा होऊन आला तरी त्या आवाजातून सुटत नाही. म्हणून मी पणजीतले एक खाजगी डॉक्टर गाठले आणि घरच्यांखेरीज सगळ्यांना सांगितलं की डोळे दाखवायला जातेय. कदंबाच्या बसमध्ये ओळखीचं कुणी भेटलं की मी उगीच चष्मा पुसायचे.

एस्सिटॅलोप्रॅम नावाची घबराटीवरची गोळी, 10 मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर. पहिले दोन आठवडे नुसती मळमळ, मग महिना-दीड महिन्यानं कधीतरी लक्षात आलं की अरे, आपण आज दिवसभरात घाबरलोच नाही. जादू वगैरे काही नाही, फक्त आतला कर्कश रेडिओ कुणीतरी हळू केल्यासारखं. मी त्या गोळीला नावं ठेवणार नाही. तिच्यामुळे मी पुढच्या सभेत अहवाल पूर्ण वाचला.

मूर्खपणा केला तो 2023 च्या चवथीला. घरात पंधरा माणसं, गणपतीवरची माटोळी बांधायची गडबड, नेवऱ्यांचं पीठ, आणि गोळ्यांची पट्टी नेमकी जाऊबाईंच्या हाताला लागेल अशा कपाटात. म्हटलं चार दिवस नको घ्यायला, तसंही मी आता बरीच आहे, आणि चारांचे दहा झाले. सहाव्या-सातव्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात करंटचा बारीक झटका, डोळे फिरवले तरी झटका, चक्कर, रात्री भडक रंगांची स्वप्नं, आणि चिडचिड इतकी की आरतीत झांजा वाजवणाऱ्या भाच्यावर ओरडले. मला वाटलं मेंदूत काहीतरी फुटलं. डॉक्टरांनी नीट समजावलं, थोडं झापलंही. हे औषध साधारण 30 तासांत शरीरातून निम्मं होतं, मग उरलेल्याचं निम्मं, असं करत आठवड्याभरात जवळजवळ संपतं, आणि वर्ष-दोन वर्षं त्याच्या सवयीनं चाललेल्या मेंदूला एकदम आधार काढल्यासारखं होतं. गोळी पुन्हा सुरू केली, झटके दोन-तीन दिवसांत गेले. मग सगळं स्थिर आहे असं बघून 2024 च्या जानेवारीपासून त्यांच्याच सांगण्यावरून उतरवत आणली, 10 ची 5, मग पाचाची अर्धी, प्रत्येक पायरीला दीड-दोन महिने, आणि जूनमध्ये पाऊस धरला त्या आठवड्यात बंद. या वेळी तीन-चार झटके आले असतील फार तर. प्रत्येकाचं वेगळं असतं म्हणे, काहींना फार सावकाश उतरवावं लागतं, काहींनी चालूच ठेवणं शहाणपणाचं असतं.

तर असं सगळं रीतसर झालेलं असताना डिसेंबरात हे आभारप्रदर्शन.

लोकांना एक सांगून कळत नाही, नवऱ्यालाही कळलं नाही. गोळ्या बंद केलेल्या माणसाला साधी भीती परवडत नाही. तुम्ही भाषणाआधी घाबरलात तर तुम्ही घाबरलात, विषय संपला. मी घाबरले की लगेच आत चौकशी समिती बसते. हे परत आलं का? गोळीच होती का सगळं, मी कुणीच नव्हते का? हात थरथरला हा निकाल का? कार्यक्रमाची भीती पावशेर आणि या भीतीची भीती दोन किलो. नवरा म्हणाला, "अगं सगळ्यांनाच होतं असं." बरोबर आहे त्याचं, पण सगळ्यांना होतं ते मलाही नुसतं तेवढंच होतंय हे मला कोण लिहून देणार?

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, औषध सुटण्याचा त्रास बहुतेक वेळा डोस कमी केल्यावर थोड्या दिवसांतच दिसतो आणि त्यात झटके, चक्कर असं मूळ आजारात नसलेलं काहीतरी असतं, आजार उलटतो तो सहसा हळूहळू, आठवड्यांनी-महिन्यांनी. बंद करून सहा महिने होत आलेत म्हणजे लक्ष ठेवायचं, पण धडधड मोजत बसू नका, काय काय टाळायला लागलात ते मोजा. हे माझ्यातल्या हिशोबनिसाला एकदम पटलं. डायरीत दोन रकाने पाडले, "घाबरले" आणि "टाळलं". पहिल्या रकान्यात रोज काहीतरी भरायचं. दुसरा तीन आठवड्यांत एकदाच भरला, तोही मी टाळला म्हणून नाही तर दंतवैद्यच सुट्टीवर गेला म्हणून, पण मी प्रामाणिकपणे लिहिलं की त्यानं मला बरं वाटलं.

सल्ले मात्र भरपूर आले. चुलत सासरे बीपीचे पेशंट, ते म्हणाले, "माझी घे अर्धी, माझा तर हात कधीच कापत नाही." त्यांची कुठली गोळी देवाला ठाऊक, पण प्रोप्रॅनोलॉल नावाची एक खरंच या कामासाठी देतात, कार्यक्रमाच्या तासभर आधी, म्हणजे ॲड्रेनलिनमुळे होणारी धडधड आणि थरथर कमी होते, डोक्यातला विचार तसाच राहतो. मला ती चालत नाही कारण मला लहानपणापासून दमा आहे आणि दम्याच्या माणसाची श्वासनळी त्यानं आवळू शकते. म्हणजे सासऱ्यांच्या प्रेमाची अर्धी गोळी घेऊन मी स्टेजवर गेले असते तर आभार मानायच्या आधी पंपच शोधावा लागला असता. दुसऱ्या एका काकांनी काजूच्या फेणीचा एक पेग सुचवला. त्यांचं नाव आभाराच्या यादीत होतंच, ते मी तेवढ्यासाठी शेवटून दुसरं केलं.

आता भाजीचं सांगते. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, पुढे झुकलेला उंच माणूस, दोन्ही हात पसरलेले आणि समोर मागे कलणारी बाई. लहानपणी त्या पुतळ्याची मला भीती वाटायची, हा तिला ढकलतोय असं वाटायचं. हा फारिया आपल्या कांदोळीचा, जन्म 1756, पुढे पॅरिसमध्ये संमोहनविद्येत नाव काढलं. त्याचं म्हणणं असं की संमोहन करणाऱ्याच्या अंगात कसली चुंबकीय शक्ती बिक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. तर त्याची आख्यायिका गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. तरुण पाद्री असताना पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि समोरचा तो दरबार बघून वाचाच गेली. तेव्हा वडील जवळून कोंकणीत पुटपुटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" आणि गडी सुटला. मनाच्या विद्येत एवढं नाव काढणाऱ्या आमच्या माणसाची सुरुवातच मुळी स्टेजवर दातखीळ बसण्यापासून आहे, याचं मला फार बरं वाटतं.

पण त्या युक्तीत एक गोम आहे. लिस्बनचा दरबार भाजी समजून कातरता येतो कारण त्यातलं कुणी उद्या सकाळी पदेराकडे पाव घेताना भेटणार नसतं. माझ्यासमोर बसणारी भाजी सगळी ओळखीची. तांबडी भाजी म्हणजे माझ्या सासूच्या मैत्रिणी, दुधी म्हणजे निवृत्त हेडमास्तर, आणि यातल्या प्रत्येक भाजीला आपलं नाव घेतलं जातंय की नाही हे ऐकायचं असतं! गावात मुख्य पाहुणा काय बोलला ते कुणाच्या लक्षात राहत नाही, आभारात कोण राहिलं ते वीस वर्षं लक्षात राहतं.

तेव्हा युक्ती वेगळी लागली. माझे बाबा देवळाच्या जत्रेतल्या नाटकांत कामं करायचे, त्या काळात स्त्री पार्टसुद्धा केलेत, त्यांना विचारलं तर म्हणाले, "आम्हाला विंगेत प्रॉम्प्टर असायचा, तुला कोण आहे?" एवढंच बोलले आणि टीव्हीकडे वळले. खरंच की. नाटकात वाक्य विंगेतून आलं तर कुणाला लाज वाटत नाही आणि भाषण कागदावरून वाचलं तर जीव जातो, हे कुणी ठरवलं? ठरवलं की सरळ वाचायचं. फक्त 2021 चा तो फडफडणारा कागद डोळ्यासमोर होता. पातळ कागद हाताची थरथर दहापट करून गावाला दाखवतो. घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडला होता, त्यातली एक जाड, दोन घड्यांची, गणपती छापलेली घेतली आणि आतल्या कोऱ्या बाजूवर मार्करनं मोठ्या अक्षरांत नावं लिहिली. आरशासमोर मुद्दाम हात हलवून बघितला, पत्रिका ढिम्म.

दोन रात्री झोप अर्धवट झाली. 2021 ला तीन आठवडे नीट झोपले नव्हते, हेही डायरीत लिहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारचा चहा गाळला, कारण चहाची धडधड आणि भीतीची धडधड मला वेगळी ओळखता येत नाही. सभामंडपात पंखे फिरत होते तरी घाम. पाहुणे चाळीस मिनिटं बोलले, वाचनसंस्कृती लोप पावतेय वगैरे, आणि मी खाली बसून श्वास सोडताना आकडे मोजत होते, आत घेताना चार, सोडताना सहा. सोडायचा श्वास लांबवला की हृदयाची गती थोडी खाली येते, एवढं तरी माझ्या हातात होतं. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कितें गो जालें तुका?" मी म्हटलं, "भिलंय." असं मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेन. त्या म्हणाल्या, "आनी कोण भियेना?" आणि पुन्हा पाहुण्यांकडे बघायला लागल्या.

उभी राहिले. माईक माझ्या उंचीला नव्हता, साउंडवाल्या पोरानं येऊन खाली केला, त्यात दहा सेकंद गेले आणि ते दहा सेकंद सगळ्यात वाईट होते. पहिल्या दोन नावांना आवाज कापला. मला तो माझ्या कवटीत ढोलासारखा ऐकू येत होता. नंतर भाच्यानं मोबाईलवर काढलेला व्हिडिओ बघितला तर कापलेला कळतो, नाही असं नाही, पण ज्याला माहीत आहे त्याला. बाकी नुसती घाईत असलेली बाई दिसते. 2003 साली सावित्स्की आणि गिलोविच या दोघा मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं, बोलणाऱ्याला वाटतं आपली घबराट काचेसारखी आरपार दिसतेय, प्रत्यक्षात लोकांना खूप कमी दिसते, आणि हे आधी सांगितलेली माणसं बोललीही बरी. मलाही आधी वाचून माहीत होतं. तिथे उभी असताना त्याचा काही उपयोग झाला का? पाचव्या नावापर्यंत नाही. पाचव्यानंतर धडधड तशीच होती पण मी तिच्याकडे बघायचं विसरले, कारण हेडमास्तरांच्या नावामागे "माननीय" लावायचं की "आदरणीय" या काळजीत पडले.

संपलं, टाळ्या झाल्या, राष्ट्रगीत झालं. खाली आले तर पाय कापसाचे आणि भूक कडकडून. समोर पानाच्या द्रोणात पातळ भाजी, वर पाव, मस्त वाटाण्याची, नारळाच्या वाटणाची, दोनदा घेतली. आणि दुसऱ्यांदा घेताना लक्षात आलं की भाजी केली ज्या वहिनींनी, सकाळी सहापासून शंभर माणसांसाठी, त्यांचं नाव मी घेतलंच नाही.

घरी येऊन पत्रिका उलगडली. नाव होतं. पत्रिकेच्या तिसऱ्या पानावर, मी घडी उलटलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेले, रस्त्यात चौकशी समिती पुन्हा बसली होती पण या वेळी तिचा विषय साधा होता, आता ऐकून घ्यावं लागणार. वहिनी अंगणात सुपारी वाळत घालत होत्या. मी माफी मागितली, पत्रिका दाखवली, हे बघा लिहिलं होतं म्हणून. त्यांनी पत्रिका हातात घेतली, उलटी केली, गणपतीची बाजू बघितली, आणि म्हणाल्या, "ही आमच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका. तू आयलीच नाय गो त्या लग्नाला."