उजनी टक्क्यांत, राइन सेंटिमीटरमध्ये

आठवडाभर नदीतून बोटीनं फिरायला जाणार आहोत असं सोलापुरात कुणालाही सांगून पाहा. पहिला प्रश्न येतो, "पाणी आहे का पण?" यात चेष्टा थोडी आणि अनुभव फार. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हे बघून ज्या गावात पाहुण्यांना बोलावतात, तिथल्या माणसाला नदी म्हटलं की आधी साठा आठवतो. बोट सगळ्यात शेवटी. आमची स्वतःची बोटीची हौस पंढरपूरला चंद्रभागेतून होडीनं विष्णुपदापर्यंत जाऊन येण्यावर भागत आलेली. तिथं प्लॅनिंग म्हणजे होडीवाल्याशी घासाघीस, आणि बसताना साडीचा काठ भिजू नये एवढी काळजी.

युरोपातल्या नदीचं तसं नसतं म्हणे. म्हणून सात रस्त्याकडच्या एका ऑफिसात गेलो. आम्ही दोघं आणि माझ्या नणंदबाई. पाटीवर 'ट्रॅव्हल ॲडव्हायझर' लिहिलेलं. आपल्याला ट्रॅव्हल एजंट माहीत. हा सल्लागार काय वेगळं करतो, ते बघायची मलाही उत्सुकता होती.

मला वाटलं, गुळगुळीत कागदाची पुस्तकं समोर पडतील. पडली नाहीत. खुर्चीतली मुलगी विचारायला लागली. काका, जिना चढता येतो का? काकू, रात्री किती वाजता जेवता? दगडी रस्त्यावर दोन तास चालवेल का? एका जागी बसून नुसतं बाहेर बघत राहायला आवडतं, की कंटाळा येतो? कांदा-लसूण चालतो? नणंदबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगं, ही मुलगी बघायला आलीय की काय?" खरंच, पोह्यांची बशी तेवढी कमी होती.

पण प्रश्नांमागे कारण होतं. नदीतली बोट समुद्रातल्यासारखी नसते. तिच्यावर कॅसिनो नाही, पोहण्याचे मोठाले तलाव नाहीत, रोज रात्रीचा नाचगाण्याचा धडाका नाही. लांबी फार तर १३५ मीटर, रुंदी ११.४, माणसं दोनशेच्या आत. रुंदी एवढी काटेकोर का, तर राइन-माइन-डॅन्यूब कालव्यातल्या जलपाशांची (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणाऱ्या दरवाजेबंद हौदांची) रुंदी १२ मीटर, आणि बोट त्यात मावली पाहिजे. हा कालवा १९९२ साली पुरा झाला आणि उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत बोटींना सलग रस्ता मिळाला. अशा बोटीवर आठवडा काढायचा, तर बाहेर बघत बसणं आवडलंच पाहिजे.

मग ह्यांनी सोलापुरी प्रश्न टाकला. "तुमचं कसं असतंय? पैसे आमच्याकडून घेणार का कंपनीकडून?" मी टेबलाखालून पाय दाबला, उपयोग झाला नाही. ती मात्र अजिबात न बिचकता म्हणाली, बोटीची कंपनी कमिशन देते, तुमचं भाडं तेवढंच राहतं; व्हिसाच्या कामाचे मी वेगळे घेते. माझं मत तिथंच पक्कं झालं. या प्रश्नावर जो विषय बदलत नाही, त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरायला हरकत नसावी.

आमच्या मनात राइन होती. किल्ले, द्राक्षांचे उतार, फोटोत बघितलेलं सगळं. गणपती-नवरात्र आटोपून ऑक्टोबरात जावं, असा बेत. ऑक्टोबर ऐकल्यावर तिनं पेन खाली ठेवलं आणि काउब नावाच्या गावाची गोष्ट सांगितली. राइनच्या मधल्या टप्प्यात हे गाव आहे आणि तिथं नदी उथळ होते. तिथल्या मोजपट्टीचा आकडा बघून मालवाहू बोटी किती माल भरायचा ते ठरवतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो आकडा २५ सेंटिमीटरवर आला होता. २०२२ च्या उन्हाळ्यातही पाणी असंच ओसरलं.

"२५ सेंटिमीटर? एवढ्यात तर बदक पण बसंल," नणंदबाई म्हणाल्या.

तर तसं नाही. मोजपट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. आकडा २५ असतो तेव्हाही बोटीच्या वाटेत एक मीटरहून जास्त पाणी असतं. फक्त ते पुरेसं नसतं.

हे खुर्चीत सरसावले. "म्हणजे आपलं उजनीचं मायनस!"

"अगदी तेच, काका."

बाहेरच्यांना हे सांगत बसावं लागतं. उजनी धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला ६४ च्या आसपास मृतसाठा. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे, तर हा मृतसाठा तेवढा शिल्लक. उन्हाळ्यात उजनी 'वजा अमुक टक्के' गेली तरी त्यातूनच भीमेत पाणी सुटतं, औज बंधाऱ्यात येतं आणि आम्ही आंघोळी करतो. पावसाळ्यात आमचे हे सकाळी चहाच्या आधी उजनीची टक्केवारी बघतात. आकड्याखालचं पाणी म्हणजे काय, हे त्यांना समजवायची गरज नव्हती. जर्मनीत कुणी निवृत्त गृहस्थ असाच चहाच्या आधी काउबचा आकडा बघत असेल, याचं मात्र मला फार बरं वाटलं.

पाणी उतरलं की काय होतं, तेही तिनं झाकून ठेवलं नाही. बोट अडते. मग बसमध्ये घालून पुढच्या टप्प्यात उभ्या असलेल्या दुसऱ्या बोटीवर नेतात. नाहीतर बोट जागेवरच हॉटेलासारखी उभी, आणि गावं बघायला रोज बस. मार्ग बदलायचा हक्क कंपनीनं करारात बारीक अक्षरात राखलेला असतो. नदीनं कुठं सही केलेली नसते.

जास्त पाणीही चालत नाही. पूल ठेंगणे असतात. एरवीसुद्धा काही पुलांखालून जाताना गच्चीवरच्या छत्र्या आणि कठडे आडवे करतात, कप्तानाची केबिनही खाली घेतात. नदी चढली की तेवढ्यानं भागत नाही. पासाऊ शहरात डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या मिळतात. तिथल्या नगरपालिकेच्या भिंतीवर पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. २०१३ साली पाणी १२.८९ मीटरवर गेलं, १५०१ नंतरचा सगळ्यात मोठा पूर. वरून पाणी सोडल्यावर पुंडलिकाचं देऊळ कळसापर्यंत बुडालेलं आम्ही बघितलेलं आहे. 'वर सोडलं, खाली चढलं' हे गणित आम्हाला नवं नाही.

शेवटी ठरलं ते असं: मे अखेर, डॅन्यूब, पासाऊ ते बुडापेस्ट. ती म्हणाली, न्यूरेंबर्गहून निघणाऱ्या सहली दिसायला मोठ्या वाटतात, पण बव्हेरियात श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा टप्पा पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्यांशिवाय वाहतो आणि पाणी कमी झालं की बोटी तिथं हमखास अडतात. पासाऊहून चढलं की ती कटकट मागे राहते. पुढं मेल्क ते क्रेम्सचं वाखाऊ खोरं मोकळं वाहतं, तिथं थोडी धाकधूक असते. सल्लागार काय वेगळं करतो, याचं उत्तर मला या एका वाक्यात मिळालं. गावांची नावं तर कुणीही देईल. शिवाय मे अखेर म्हणजे सोलापुरातून पळून जायला निमित्तसुद्धा लागत नाही.

अंतर सुमारे ५८० किलोमीटर. ह्यांनी लगेच भागाकार केला. मुंबई ४०० किलोमीटरच्या पुढं आहे, सिद्धेश्वर एक्सप्रेसला रात्री बसलं की सकाळी उतरतो. मग या ५८० ला आठवडा? मी म्हटलं, त्याचेच पैसे आहेत. वाटेत बोट जलपाशात शिरते, मागचा दरवाजा लागतो, खालच्या झडपा उघडल्या की पाणी आपल्या वजनानं निघून जातं, अख्खी बोट दोन-तीन मजले खाली बसते आणि पाणी सारखं झालं की मग पुढचा दरवाजा उघडतो. पंप नाही, काही नाही. ह्यांना आता तेवढंच बघायचंय.

व्हिसाचं लवकर आटोपलं. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी सगळे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, म्हणून एकाच प्रवेशाचा पुरतो. बेलग्रेडला जायचं असतं तर सर्बिया शेंगेनबाहेर, मग पुन्हा आत यायला दुसरा प्रवेश लागला असता. ज्या देशात रात्री जास्त, त्याच्याकडे अर्ज. बोटीवरची रात्र कुठल्या देशात मोजायची ते तिनं पेन्सिलीनं तक्त्यात मांडून दिलं. विमा किमान ३०,००० युरोचा.

केबिनवर मात्र घरात अजून एकमत नाही. सगळ्यात खालच्या मजल्याची खिडकी उघडत नाही, पण पाण्याला लागून असते आणि भाडं कमी. वरच्या मजल्यावर म्हणे 'फ्रेंच बाल्कनी', म्हणजे सरकता दरवाजा आणि पुढं कठडा. उभं राहायला जागा नाही. त्यात धक्क्यावर बोटी एकीला एक चिकटून लावतात, तेव्हा त्या बाल्कनीतून समोरच्या बोटीतली माणसं दात घासताना दिसतात. हे म्हणतात खाली घेऊ. पण बऱ्याच बोटींत लिफ्ट त्या मजल्यापर्यंत जात नाही आणि ह्यांचे गुडघे मला माहीत आहेत. नणंदबाईंना एकटीला खोली हवी, तर जवळजवळ दुसऱ्या माणसाचं भाडं पडतं. त्यावर त्या अजून रागात आहेत: "मी घोरते म्हणून वेगळी मागितली, तुमच्याच सोयीसाठी. पैसे तुम्हीच भरा."

खाण्याची चौकशी त्यांनीच केली. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत, म्हणून पेढे गेले, घरचं तूपही गेलं. शेंगाचटणी आणि कडक भाकरीला अडचण नाही. किती न्यायची यावर बोलणी सुरू आहेत. नणंदबाई दोन किलोच्या खाली यायला तयार नाहीत.