रॅम ३२०० ची, चालत होती २४०० वर

मागच्या दिवाळीत पीसी असेंबल करून घेतला. एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, १६ जीबी डीडीआर४ रॅम. पार्ट निवडण्यापासून घरी आणेपर्यंत सगळं सुरळीत झालं. पण व्हिडिओ एडिटिंगला बसलं की टाइमलाइन अडखळायची, आणि प्रोसेसर मात्र अर्ध्यावरही जायचा नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडलं. स्पीड २४००, दोनपैकी एकच स्लॉट वापरात, म्हणजे १६ जीबीची एकच स्टिक (रॅमची पट्टी). बिलावर तर स्वच्छ लिहिलेलं: ८ जीबी × २, ३२००.

मग दुकानाचे हेलपाटे सुरू झाले. त्याचा राग अजून गेलेला नाही. आधी म्हणाले, "विंडोज परत टाकून बघा." मग, "मशीन ठेवून जा." ठेवलं, तर तसंच परत आलं, वर फॉरमॅट मारल्यामुळे माझे सगळे प्लगइन गेले. बिल पुढे केलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "१६ जीबी आहे ना सर? एक स्टिक काय, दोन काय, सारखंच."

सारखं कसं असेल? एका स्टिकचा मार्ग ६४ बिटचा, म्हणजे एका खेपेला ८ बाइट. स्पीड २४०० म्हणजे सेकंदाला २४० कोटी खेपा. २४०० वर सेकंदाला १९.२ जीबी, ३२०० वर २५.६, आणि दोन स्टिक दोन चॅनेलवर (वेगवेगळ्या मार्गांवर) बसल्या की ५१.२. हे कागदावरचे आकडे, प्रत्यक्षात कमीच मिळतात. पण ५६००जी मधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरीच नसते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं एकाच नळावर पाणी भरणार, आणि नळ अर्धा बंद!

शेवटचं कारण, "एक्सएमपी ऑन केलं तर वॉरंटी जाईल." (एक्सएमपी म्हणजे रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग.) या प्रोसेसरला ३२०० ची मेमरी चालते हे एएमडीच्याच स्पेसिफिकेशनमध्ये आहे. त्याचं प्रिंट काढून नेलं. तरी "मालक आल्यावर या." मालकांनी बिल पाहिलं आणि मागच्या फडताळातून ८ च्या दोन स्टिक काढून दिल्या. एवढंच करायचं होतं!

घरी बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा मदरबोर्डचा सेटिंग मेनू, चालू करताना डिलीट की) एक्सएमपी ऑन केलं. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. टाइमलाइन त्याच संध्याकाळी सरळ चालायला लागली. फार बरं वाटलं.

सीपीयू-झेडमध्ये (हार्डवेअरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) १६०० दिसलं तर घाबरू नका, डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते. प्रोसेसरच्या आतली बस, इन्फिनिटी फॅब्रिक, तीही याच १६०० वर मेमरीच्या बरोबरीने चालते. म्हणून ४००० ची महाग रॅम घ्यायची घाई नको. फॅब्रिक तेवढं पळालं नाही तर मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) निम्म्या वेगावर उतरतो आणि उशीर वाढतो.

चार स्लॉटचा बोर्ड असेल तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरायचा, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. नुसतं टायपिंग आणि टॅली असेल तर यातलं फारसं काही जाणवणार नाही. सीएल आकडाही (मागितल्यापासून डेटा यायला लागणारे ठोके) बघा: ३२०० ला सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल २२ म्हणजे १३.७५. आणि पैसे देण्याआधी मशीन तिथेच चालू करून टास्क मॅनेजर दाखवायला सांगा.