मॅडम, हे मोजलं कोणी?

जगाच्या इतिहासाचं माझं पुस्तक येऊन चार वर्षं झाली होती. परीक्षणं आली, पत्रं आली, चुका दाखवणारे दोन-तीन फोनही आले. पण ज्यांच्यासाठी ते लिहिलं त्या वयाच्या मुलांशी समोरासमोर बसून बोलणं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी एका शाळेने नववीच्या वर्गावर मला दोन तास दिले. बाईंनी मुलांकडून आधीच चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून घेतले होते. आदल्या रात्री मी जय्यत तयारी केली होती: साम्राज्यं का कोसळतात, पहिलं महायुद्ध टळलं असतं का, वगैरे. चिठ्ठ्यांमध्ये यातलं काहीच निघालं नाही.

पहिली चिठ्ठी होती, ‘मथळा ऑक्टोबर क्रांती आणि खाली तारीख 7 नोव्हेंबर 1917. छपाईची चूक आहे का?’ हे सोपं होतं. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालायची, ती 13 दिवस मागे होती. तिथल्या लोकांच्या लेखी तो दिवस 25 ऑक्टोबरच होता. पुढच्या वर्षी त्यांनी दिनदर्शिका बदलली, तेव्हा 31 जानेवारीनंतर एकदम 14 फेब्रुवारी उजाडला. “मधल्या तारखांना ज्यांचे वाढदिवस होते त्यांनी काय केलं?” असं मागून कुणीतरी विचारलं. वर्ग हसला आणि माझाही घसा मोकळा झाला.

दुसऱ्या चिठ्ठीवर मात्र मी अडले. ‘चौदाव्या शतकातल्या प्लेगने युरोपातली एक तृतीयांश माणसं मेली असं तुम्ही लिहिलंय. मोजली कोणी?’

ते वाक्य मी लिहिलं तेव्हा माझा हात जरासुद्धा थबकला नव्हता. ते इतक्या ठिकाणी वाचलेलं होतं की ते कुणीतरी शोधून काढलं असेल, हेच मी विसरून गेले होते. मी मुलांना सांगितलं, की सगळी माणसं कुणीच मोजली नाहीत. मग कळतं कसं? इंग्लंडमध्ये गावच्या चर्चचा पाद्री वारला की त्याच्या जागी दुसरा नेमावा लागे, आणि बिशपच्या दप्तरात त्या नेमणुकीची तारखेनिशी नोंद होई. 1349 सालात या नेमणुका एकदम कितीतरी पटींनी वाढलेल्या दिसतात. दुसरी नोंद जमीनदाराच्या दप्तरातली. कूळ मेलं की पुष्कळ ठिकाणी त्याच्या गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर जमीनदाराकडे जमा व्हायचं आणि कारकून ते लिहून ठेवायचा. एक बैल, एक गाय, एक घोडी. घरातला माणूस गेला आणि पाठोपाठ दावणीचा बैलही गेला. त्या बैलांवरून आज आपण माणसं मोजतो. म्हणून कुणी एक तृतीयांश म्हणतं, कुणी निम्मी, कुणी त्याहूनही जास्त.

“म्हणजे ज्यांच्याकडे जमीनच नव्हती ते मेलेले मोजलेच नाहीत?” पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं. बिनजमिनीचे मजूर, बायका, लहान मुलं या दप्तरांत फार थोडी सापडतात, ही अभ्यासकांना खरोखरच सतावणारी अडचण आहे. त्या मुलाला ती दोन मिनिटांत दिसली होती. मी वहीत लिहून घेतलं: एक तृतीयांश हा आकडा असा ठाम ठेवायचा नाही, तो कशावरून काढला तेही सांगायचं.

त्यानंतर एका मुलीने चिठ्ठीची वाट न बघता हात वर केला. “फ्रेंच राज्यक्रांतीला बारा पानं आहेत. हैतीला तीन ओळी. का?”

पुस्तकाची पानं ठरलेली असतात, हे माझ्या तोंडून निघून गेलं. ते खरं होतं, पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि ती उभीच राहिली. मग मी पुस्तक मिटून ठेवलं आणि त्या तीन ओळींत न मावलेलं सगळं सांगायला घेतलं. 1789 साली फ्रान्समध्ये जाहीर झालं की माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान असतात. त्याच वेळी फ्रान्सच्या सें-दोमिंग या कॅरिबियनमधल्या वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, सुमारे पाच लाख गुलाम उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत राबत होते. 1791 च्या ऑगस्टमध्ये ते उठले. 1794 मध्ये फ्रान्सला गुलामगिरी रद्द करावी लागली. पुढे नेपोलियनने वसाहत पुन्हा मुठीत घ्यायला सैन्य धाडलं. तूसँ लूव्हेर्त्यूर हा त्यांचा नेता फ्रान्समधल्या थंडगार किल्ल्यात कैदेतच वारला, पण ते सैन्य हरलं आणि 1 जानेवारी 1804 ला हैती स्वतंत्र झालं. मग 1825 मध्ये फ्रान्सने युद्धनौका आणून उभ्या केल्या आणि मान्यतेच्या बदल्यात 15 कोटी फ्रँक मागितले, मळेवाल्यांची भरपाई म्हणून. त्या भरपाईत गुलामांची किंमतही धरलेली होती. रक्कम नंतर 9 कोटींवर आली, पण ती फेडायला काढलेल्या कर्जांचे हप्ते 1947 पर्यंत चालले.

“स्वतःचीच किंमत स्वतःच भरली?” ती म्हणाली आणि खाली बसली. समानतेची घोषणा खरी करून दाखवणाऱ्या माणसांना मी तीन ओळी दिल्या होत्या. तो निर्णय कुणी माझ्यावर लादला नव्हता, मीच घेतला होता. हेही मी वर्गाला सांगितलं.

तास संपत आला तेव्हा तळाची चिठ्ठी निघाली. ‘तुमच्या पुस्तकात आमच्याएवढं कोणी का नाही? तूतनखामेन आहे, पण तो राजा होता.’

फळ्याकडे जाऊन मी खडू उचलला. 1956 साली रशियातल्या नोव्हगोरोद शहरात, ओल्या मातीच्या थरांत भूर्जाच्या सालींचे तुकडे सापडले. तेराव्या शतकाच्या मध्यावरचे. ते ओन्फिम नावाच्या मुलाचे होते, सहा-सात वर्षांचा असावा. सालीवर टोकदार काडीने ओरखडून तो अक्षरं गिरवत होता. एका तुकड्यावर वरच्या कोपऱ्यात त्याने मुळाक्षरं लिहायला घेतली, ‘क’च्या अक्षरापाशी आला आणि तिथेच थांबला. खाली घोड्यावर बसलेला वीर काढला, भाल्याने शत्रूला आडवा पाडणारा, आणि शेजारी नाव लिहिलं: ओन्फिम.

मला जमेल तसं मी ते फळ्यावर काढलं. घोडा, भाला, दाताळ्यासारखे पंजे.

“अभ्यास अर्धा टाकून चित्रं काढत बसला!” कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या एका सालीवर त्याने एक श्वापद काढलंय आणि लिहिलंय, ‘मी रानटी जनावर आहे.’ त्याच तुकड्यावर दानिलो नावाच्या कुणाला तरी नमस्कारही लिहिलाय.

“दानिलो त्याचा मित्र होता का?”

असावा, मी म्हटलं, शेजारच्या बाकावरचा.

घंटा झाली. बाई हजेरीपुस्तक घेऊन दाराशी आल्या होत्या, पण दहा-बारा मुलं फळ्याला खेटून उभी होती. एक जण खडू घेऊन घोड्याच्या शेजारी दुसरा घोडा काढत होता, आणि खाली दानिलो असं नाव घालत होता.