फक्त नंबर बदलायचा होता

सकाळी साडेनऊला फोन आला. "दादा, साइटवरचा हेल्पलाइनचा नंबर बदलायचाय. जुनी लाइन आज रात्री बंद होतेय. पाच मिनिटांचं काम असेल ना?"

"पाचसुद्धा लागणार नाहीत, ताई," मी म्हटलं. हे वाक्य मला दिवसभर पुरलं.

साइट मीच २०१९ मध्ये बांधलेली. ताईंच्या संस्थेनं मागितली होती साधी सात पानं. पण तेव्हा माझ्याकडे कुणी व्हिजिटिंग कार्ड मागितलं असतं तरी मी ते रिअ‍ॅक्टमध्ये (ब्राउझरमध्ये पान जुळवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या साधनात) करून दिलं असतं. सोबतीला सगळ्या फायली बांधून साइट तयार करणारं वेबपॅक ४, रंगरूपाच्या फायली बनवणारं नोड-सास आणि मागून ओढत आलेली शेकडो पॅकेजेस. हौस सगळी माझी.

रेपो, म्हणजे साइटच्या कोडचा साठा, नव्या लॅपटॉपवर घेतला, पॅकेजेस उतरवणारी एनपीएम इन्स्टॉल ही कमांड मारली आणि टर्मिनल लालेलाल झालं. ही साधनं ज्यावर चालतात त्या नोडच्या या आवृत्तीसाठी नोड-सासची तयार बायनरी नव्हती, म्हणून ते सी प्लस प्लसचा कोड इथेच कंपाइल करायला बसलं आणि त्यासाठी पायथन २ मागू लागलं. ज्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला, तो पायथन २. म्हटलं, बरं, नोडच जुना टाकू, १४. पण लॅपटॉप अ‍ॅपलच्या नव्या चिपचा, आणि त्या चिपसाठी तयार नोड मिळतो तो १६ पासून पुढे. नोडच्या आवृत्त्या बसवणाऱ्या एनव्हीएमनं १४ सोर्समधून बांधायला घेतला आणि बऱ्याच वेळानं मान टाकली.

मग नोड-सास काढून त्याच कामाचं डार्ट सास बसवलं. वैतागाच्या भरात पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइलही उडवली. ही दिवसातली सगळ्यात मोठी चूक, पण तेव्हा फार मोकळं वाटलं. आता बिल्ड (सोर्समधून साइट तयार करण्याचं काम) म्हणू लागला, 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड'. ज्यांनी ही एरर पाहिलीय ते इथे हसतील. फायलींचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, काढायला वेबपॅक ४ एमडी४ ही पद्धत वापरतं, आणि नोड १७ पासून आत आलेल्या ओपनएसएसएल ३ या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीनं एमडी४ ला जुनाट ठरवून अडगळीत टाकलंय. जुन्या पद्धती चालू करणारा लेगसी प्रोव्हायडरचा फ्लॅग लावला की चालतं. चाललं. साइट उघडली तर फूटर मधल्या मजकुरावर चढून बसलेला. लॉक फाइल नसल्यामुळे कुठली पॅकेजेस कुठल्या आवृत्तीवर गेली होती, देव जाणे. अडीच वाजले होते आणि नंबर अजून जुनाच होता.

मी सोर्सचा नाद सोडला आणि थेट सर्व्हरवर गेलो.

एचटीएमएल फाइल उघडली. आत एक रिकामी चौकट (डिव्ह) आणि जावास्क्रिप्ट बोलावणारा एक स्क्रिप्ट टॅग. सात पानांच्या साइटच्या एचटीएमएलमध्ये त्या सात पानांतलं एक अक्षर नव्हतं. सगळा मजकूर मिनिफाय केलेल्या, म्हणजे मोकळ्या जागा काढून दाबलेल्या, जावास्क्रिप्टच्या एका लांबलचक ओळीत. बॅकअप घेतला, सर्च मारला, नंबर सापडला, बदलला. फोनवर साइट उघडली. जुनाच नंबर.

कारण लक्षात आल्यावर कपाळावर हात मारला. फाइलच्या नावात हॅश आहे, म्हणून मीच तिला वर्षभराची कॅश लावली होती, म्हणजे ब्राउझरला ती तेवढा काळ साठवून वापरायला सांगितलं होतं, ३,१५,३६,००० सेकंद. मजकूर बदलला की नावही बदलणार, या भरवशावर. आता मजकूर बदलला होता, नाव तेच. म्हणजे आधी येऊन गेलेल्यांच्या ब्राउझरनं नवी फाइल मागितलीच नसती. मग हॅशमधली दोन अक्षरं हातानंच बदलली आणि एचटीएमएलमध्ये नवं नाव टाकलं. वेबपॅक करतं ते काम, बोटांनी.

नवा नंबर दिसला. सहज त्यावर टॅप केलं, आणि डायलरमध्ये आला जुना नंबर.

पोटात खड्डा पडला. दिसणारा नंबर मधे जागा सोडून लिहिलेला होता, लिंकमधला सलग. मी सर्च केला होता तो जागा सोडलेला. अडचणीतल्या माणसाला स्क्रीनवर बरोबर नंबर दिसला असता आणि फोन बंद लाइनवर गेला असता. साइट पूर्ण बंद पडली असती तर निदान कुणाला तरी कळलं असतं. सलग नंबर शोधून बदलला, फाइलचं नाव पुन्हा बदललं, तीन वेगवेगळ्या फोनवरून टॅप करून पाहिलं. सहा वाजून गेले होते.

पुढच्या दोन संध्याकाळी ती साइट इलेव्हन्टीवर, म्हणजे तयार एचटीएमएल पानं बनवून देणाऱ्या साधनावर, नेली. नंबर आता एका जेसन फाइलीत (माहिती ठेवायची साधी मजकूर फाइल), एकदाच. लिंकसाठी त्याच नंबरातल्या मोकळ्या जागा गाळणारा छोटा फिल्टर. प्रश्नोत्तरांची उघडझाप डिटेल्स आणि समरी या एचटीएमएलच्याच टॅग्जवर. ब्राउझरकडे जाणारं जावास्क्रिप्ट शून्य. रिअ‍ॅक्टवर माझा राग नाही, क्षणाक्षणाला बदलणाऱ्या स्क्रीनसाठी आजही तेच घेतो. पण सगळ्यांना सारखंच दिसणारं पान प्रत्येकाच्या फोनला नव्यानं जुळवायला लावण्यात काय हशील होतं, ते मला आज सांगता येत नाही. तसंच काम करणारं जेकिल २००८ पासून होतं. मला माहीत होतं. ते साधं वाटायचं, एवढंच.

इलेव्हन्टीही नोडवरच चालतं, तेव्हा तेही कधीतरी इन्स्टॉल व्हायला नकार देईल. म्हणून बिल्ड झालेलं एचटीएमएलसुद्धा मी गिटमध्ये, कोडसोबतच, ठेवतो. बिल्डचा माल रेपोत टाकायचा नसतो, असं सहकारी अजून सुनावतात. सुनावू देत. ते एचटीएमएल कुठल्याही एडिटरमध्ये उघडतं आणि वाचता येतं.

काही महिन्यांनी ताईंनी कामाच्या वेळा स्वतःच बदलल्या, त्याच जेसन फाइलीत. मग फोन. "दादा, मी काहीतरी मोडलं वाटतं."

मोडलं काहीच नव्हतं. बिल्ड अडला होता आणि जुनी साइट सुखरूप चालू होती. एका ओळीच्या शेवटी स्वल्पविराम द्यायचा राहिला होता.