रुग्णालयाच्या इमारतीची सुप्रमा: एक्सेस कुठे दडतो

जिल्हा रुग्णालयाचं काम मान्य खर्चाच्या पुढे गेलं की सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, घ्यावी लागते, आणि सगळे आधी स्टील-सिमेंटच्या भावाकडे बोट दाखवतात. भाववाढ निदान स्टार रेटने (निविदेत धरलेल्या मूळ दराने) मोजता तरी येते. आमच्या अनुभवात मोठा एक्सेस, म्हणजे मंजुरीपेक्षा जास्तीचा खर्च, निघाला तो रिकॅपमधल्या (अंदाजपत्रकाच्या गोषवाऱ्यातल्या) ‘एलएस’ म्हणजे लम्पसम ओळींतून. मेडिकल गॅस पाइपलाइन, ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) एसी, फायर, एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) या सगळ्यांना नकाशा तयार नसतानाच ठोक रक्कम धरलेली असते. प्रशासकीय मान्यता लवकर मिळावी म्हणून ती कमीच धरतात, हे सगळ्यांना माहीत असतं.

ओटीचंच बघा. मजल्याची उंची ३.६ मीटर, स्लॅबसह बीम ७५० मिमी. बीमखाली उरले २.८५ मीटर. त्यातून इन्सुलेशनसकट ५०० मिमीचा एसीचा डक्ट नेला की हातात २.३५. आणि लॅमिनार फ्लोची (छतातून शुद्ध हवा एकसारखी खाली सोडणारी) ओटी मागते ३ मीटरचं सीलिंग. म्हणजे तो मजला ४.२५ मीटरचा हवा होता. स्लॅब पडल्यावर हे कळलं तर डक्ट बाहेरून फिरवा, बीम टाळा, एएचयूची (हवा थंड करून डक्टमध्ये सोडणाऱ्या यंत्राची) जागा बदला, आणि प्रत्येक बदल ईआयआरएलमध्ये, म्हणजे जादा बाबींच्या दर यादीत. म्हणून ओटीच्या मजल्याचं शटरिंग लावण्याआधी स्थापत्य, विद्युत आणि एसीचे नकाशे एकावर एक ठेवून सह्या घ्यायच्या. यात आठवडा गेला तरी चालेल.

एमआरआयचं दुखणं वेगळं. यंत्राची खरेदी दुसऱ्या यंत्रणेकडे असते आणि मॉडेल शेवटी ठरतं. मॅग्नेटच चार-सहा टनांचा असतो. शिवाय आरएफ केबिन (रेडिओ लहरी अडवणारी खोली), क्वेंच पाइप (मॅग्नेटमधला हेलियम बाहेर सोडणारा), चिलर. खोली तळमजल्यावर घ्यावी आणि मॅग्नेट आत नेण्याच्या वाटेवरची भिंत यंत्र येईपर्यंत बांधूच नये. बांधून फोडली तर पैसे दोनदा जातात आणि ऑडिटला उत्तर देता येत नाही.

पायाचा एक्सेस काळ्या मातीत हमखास. दोन ट्रायल पिटवर (चाचणी खड्ड्यांवर) भागवलेलं असतं आणि खोदल्यावर राफ्ट, म्हणजे इमारतीखाली एकसलग काँक्रीटचा पाया, घ्यावा लागतो. बी-१ (टक्केवारी दराच्या) निविदेत इथे क्लॉज ३८ लागतो. निविदेत काँक्रीट ४०० घनमीटर आणि प्रत्यक्षात ९०० लागलं, तर ५०० पर्यंत, म्हणजे १२५ टक्क्यांपर्यंत, निविदेचा दर. उरलेल्या ४०० ला चालू सरकारी दरसूचीचा दर, निविदा जितके टक्के कमी किंवा जास्त होती तितका कमी-जास्त करून. खाली दर टाकून काम घेतलेला ठेकेदार या पुढच्या परिमाणाला नव्हे, तर दरसूचीत नसलेल्या नव्या बाबींना टपलेला असतो. तिथे तीन कोटेशन आणि दर पृथक्करण (साहित्य, मजुरी वगैरे धरून दर काढणं) आमचं आम्हीच केलेलं बरं.

एक्सेस-सेव्हिंग स्टेटमेंट (कुठे खर्च वाढला, कुठे वाचला याचा तक्ता) दर दुसऱ्या आरए बिलाबरोबर, म्हणजे चालू बिलाबरोबर, बनवायचं. शेवटी बनवलं की ते पंचनाम्यासारखं वाटतं. खर्च मान्यतेच्या १० टक्क्यांपुढे जाणार असं दिसलं की सुप्रमाचा प्रस्ताव सुरू करायचा, पैसे संपल्यावर नाही.

प्रस्ताव परत येतो तो बहुधा कारणनिहाय तक्त्यावरून. दरवाढ, परिमाणवाढ, नवीन बाबी, अपुरी तरतूद आणि कर हे वेगवेगळे रकाने हवेत. सगळं ‘दरवाढ’त कोंबलं की मंत्रालयातून शेरा आलाच. कर तर सरळ दाखवता येतो: १८ जुलै २०२२ पासून सरकारी कामांच्या कंत्राटावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. त्या तारखेनंतर १०० कोटींचं काम उरलं असेल तर ६ कोटी तिथेच वाढले, त्यात कुणाचा दोष नाही. नव्या बाबीसाठी वापरकर्त्या विभागाचं मागणीपत्र तारखेसह जोडायचं, आणि ती तारीख बाब एमबीत (मोजमाप वहीत) चढण्याच्या आधीची हवी. तोंडी सांगण्यावरून बेड वाढवले की सही कुणीच करत नाही.

फायरवर काटकसर करू नका. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली, तेव्हापासून फायर ऑडिट कडक झालं आहे. जिना, रॅम्प, स्प्रिंकलर आणि जमिनीखालची टाकी मूळ नकाशातच बसवा. टाकी नंतर खोदायची तर तोवर अंगणातून ड्रेनेज आणि केबल गेलेल्या असतात. हाय टेन्शन वीजजोडणीचा खर्चही रिकॅपमध्ये स्वतंत्र ओळीत घ्या, नाहीतर इमारत तयार आणि रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) नाही म्हणून हस्तांतरण अडतं.