कार्व्हिंगचा स्नोबोर्ड घेताय? आधी साइडकट बघा

नवा कार्व्हिंग बोर्ड, म्हणजे कडेवर तोलून वळणं घ्यायचा स्नोबोर्ड म्हटलं की सगळे आधी लांबी विचारतात, पण खरा खेळ साइडकटचा, म्हणजे बोर्डाच्या कडेला आत गेलेल्या बाकाच्या त्रिज्येचा. ८ मीटरच्या आसपासचा असेल तर बोर्ड पटापट वळतो, अरुंद उतारावर मजा येते, १२-१३ मीटरवाला मात्र लांब निवांत वळणं घेतो आणि त्याला वेग नि मोकळी जागा लागते, गर्दीत नुसता वैताग. सॉफ्ट बूट घालून पार झोपून वळायची हौस असेल तर रुंद बोर्डच घ्या, नाहीतर बुटाचं टोक बर्फाला घासतं, एज, म्हणजे बर्फात रुतलेली कड, सुटते आणि आपण आडवे! हार्ड बूटवाल्यांचे पाय पुढे वळलेले, त्यांना अरुंद चालतो. कॅम्बर, म्हणजे बोर्डाच्या मध्यभागी वर उचललेली कमान, शक्यतो पूर्ण. आणि उगाच भाव खायला अतिकडक बोर्ड नको, तेवढा जोर नि वेग नसेल तर तो वाकतच नाही.